अनुकूलन, शरीरक्रियात्मक

प्राण्याच्या शरीरातील श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन, तापमाननियंत्रण, चयापचय (कोशिकांमध्ये सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडी) इ. क्रियांमध्ये परिस्थितीला अनुरूप असे जे बदल घडून येतात किंवा पिढ्यानुपिढ्या घडून स्थिर झालेले असतात, त्यांस शरीरक्रियात्मक अनुकूलन असे म्हणतात. माशाचा निमुळता आकार, बदकाच्या बोटांमधील पडदे किंवा नाकतोड्याचा हिरवा रंग ही रचनात्मक अनुकूलनाची उदाहरणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. क्रियात्मक अनुकूलन मात्र रक्तात, वृक्कात (मूत्रपिंडात) व कोशिकांच्या पटलांत दडलेले असते आणि मोजमाप केल्यावाचून ते सहसा ध्यानात येत नाही. त्यामुळे प्राण्यांच्या आकारांचा अभ्यास फार जुना असला, तरी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच सुरू झाला.

फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार (१८१३–७८) यांनी असे प्रतिपादन केले की, शरीरातील कोशिका बाहेरच्या हवेत किंवा पाण्यात नव्हे, तर त्यांच्याभोवतीच्या द्रवात राहतात आणि हा अंतर्गत परिसर स्थिर राखता येणे हीच प्राण्याच्या स्वतंत्र जीवनाची अट होय. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन (१८७१–१९४५) यांनी या स्थैर्याला समस्थिती हे नाव देऊन १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवरण केले. तथापि समस्थिती म्हणजे शरीरातील सर्वच गोष्टी अचल ठेवणे नव्हे. एखादी गोष्ट स्थिर राखण्यासाठी दुसरी ढळू द्यावी लागते, आणि या देवघेवीत प्रत्येक प्राण्याला काही ना काही किंमत मोजावी लागते. कोणता प्राणी काय राखतो व काय ढळू देतो, हे पाहिले म्हणजे त्याच्या अनुकूलनाचे स्वरूप स्पष्ट होते.

विरळ हवा : अनुकूलन वेगवेगळ्या कालावधींत घडते आणि उंच प्रदेशात हे सर्व कालावधी एकत्र पाहावयास मिळतात. समुद्रसपाटीपासून सु. ३,५०० मी. उंचीवरील लेह येथे हवेचा दाब, आणि म्हणून ऑक्सिजनाचा आंशिक दाबही, समुद्रसपाटीवरील दाबाच्या सु. दोन-तृतीयांश असतो. विमानाने मुंबईहून तेथे उतरलेल्या माणसाच्या ग्रीवा रोहिणीजवळील संवेदक पिंडांना ऑक्सिजनाची ही तूट काही क्षणांतच जाणवते; श्वसन व नाडी जलद होतात. परंतु जलद श्वसनाबरोबर कार्बन डाय-ऑक्साइडही अधिक बाहेर पडतो व त्यामुळे रक्ताची क्षारता वाढते. वाढलेली क्षारता श्वसन पुन्हा मंद करू पाहते. वृक्कांमार्फत जादा बायकार्बोनेट बाहेर टाकले जाईपर्यंत, म्हणजे काही दिवस, ही ओढाताण चालू राहते. नवागताला पहिले दोन-तीन दिवस विश्रांती घेण्यास सांगतात ते याच कारणाने.

समुद्रसपाटीवर उपकारक असणारी एखादी प्रतिक्रिया उंचीवर घातक ठरते, असेही घडते. फुप्फुसाच्या एखाद्या भागात ऑक्सिजन कमी पोहोचत असेल, तर तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्त अधिक हवेशीर भागाकडे वळते. ही व्यवस्था फुप्फुसाच्या स्थानिक विकारात फायद्याची असते. विरळ हवेत मात्र सर्वच भागांत ऑक्सिजन कमी असल्याने वाहिन्या सर्वत्र आकुंचित होतात, रक्तदाब वाढतो आणि काहींच्या फुप्फुसांत पाणी साठते. १९६२ नंतर हिमालयाच्या सरहद्दीवर मोठ्या संख्येने सैनिक पाठविले गेले, तेव्हा भारतीय लष्करातील वैद्य इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी या विकाराचा व इतर पर्वतविकारांचा अभ्यास केला. १९६५ व १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निबंध या विषयात पायाभूत मानले जातात.

दुसरी प्रतिक्रिया आठवड्यांच्या कालावधीत घडते. १८७८ साली पॉल बेर (१८३३–८६) यांनी पर्वतविकाराचे कारण ऑक्सिजनाचा कमी आंशिक दाब हेच असल्याचे दाखवून दिले होते. १८९० मध्ये फ्रांस्वा व्हीओ यांनी पेरूमधील अँडीज पर्वतावरील खाणवस्तीत स्वतःच्या रक्ताची तपासणी केली, तेव्हा तांबड्या कोशिकांची संख्या दर घ. मिमी. मध्ये सु. ५० लाखांवरून अवघ्या ३ आठवड्यांत ७० लाखांवर गेल्याचे त्यांना आढळले. वृक्कातून स्रवणाऱ्या एका हॉर्मोनाच्या चेतनेने अस्थिमज्जेत या कोशिका वाढतात. वाढीव कोशिका अधिक ऑक्सिजन वाहतात हे खरे; पण त्यांच्यामुळे रक्त दाट होते व हृदयावर भार पडतो. पेरूचे वैद्य कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये वर्णिलेल्या चिरकारी पर्वतविकारात वर्षानुवर्षे उंचीवर राहिलेल्या माणसाचे रक्त इतके दाट होते की, ओठ निळे पडतात, डोके सतत दुखते आणि सखल प्रदेशात उतरण्यावाचून खात्रीचा उपाय राहत नाही. ही प्रतिक्रिया मुळात रक्तस्रावाने झालेली हानी भरून काढण्यासाठी उत्क्रांत झाली असावी व उंच प्रदेशात ती अस्थानी लागू पडते, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

तिसऱ्या प्रकारचे अनुकूलन हजारो वर्षांत नैसर्गिक निवडीने होते व तेच आनुवंशिक असते. तिबेटच्या पठारावरील लोकांच्या रक्तात, तितक्याच उंचीवरील अँडीजवासीयांच्या मानाने, हीमोग्लोबिनाचे प्रमाण कमी असते, ४,००० मी. पर्यंत ते समुद्रसपाटीवरील माणसाच्या प्रमाणाहून फारसे वेगळे नसते. तांबड्या कोशिकांच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या एका जनुकाचे विशिष्ट रूप बहुसंख्य तिबेटी लोकांत असल्याचे २०१० मध्ये निदर्शनास आले, आणि हे रूप डेनिसोव्हा या नामशेष मानवसमूहाकडून संकराने आलेले आहे असे २०१४ मध्ये दिसून आले. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, सरावाने माणसाच्या रक्तात जो बदल होतो, नेमका तोच निवडीने आवरून धरला आहे. वैयक्तिक जीवनातील समायोजन हेच पुढे आनुवंशिक होते, ही लामार्क (१७४४–१८२९) यांच्या नावाने रूढ असलेली समजूत अशा उदाहरणांपुढे टिकत नाही.

पक्ष्यांमध्ये या संदर्भात पट्टकादंब हा हंस विशेष प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांवर दिसणारे हे पक्षी लडाख, तिबेट व मंगोलियात वीण करतात व वर्षातून दोनदा हिमालय ओलांडतात. त्यांच्या हीमोग्लोबिनाची रचना सखल प्रदेशातील करड्या हंसाच्या हीमोग्लोबिनाहून केवळ चार ॲमिनो अम्लांनी वेगळी आहे. त्यांपैकी एका ठिकाणी प्रोलिनाऐवजी ॲलॅनीन आल्याने रेणूची ऑक्सिजन धरण्याची ओढ वाढली आहे. ऑक्सिजन घट्ट धरणारे रक्त तो ऊतकांत (समान कोशिकांच्या समूहांत) सहजी सोडत नाही, ही या बदलाची दुसरी बाजू होय; उड्डाणस्नायूंच्या तंतूंभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असल्याने ही उणीव भरून निघते. हे पक्षी एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडत जातात, अशी कथा गिर्यारोहकांच्या सांगण्यावरून रूढ झाली होती. अंगावर बसविलेल्या प्रेषकांच्या साहाय्याने केलेल्या व २०११ ते २०१५ या काळात प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत असे आढळले की, हा हंस भूप्रदेशाच्या चढउतारांना धरून, बहुधा थंड व म्हणून दाट हवेत, म्हणजे रात्री किंवा पहाटे, उडतो. नोंदविली गेलेली सर्वांत जास्त उंची ७,२९० मी. आहे. मूळ कथेपेक्षा ही वस्तुस्थिती अधिक बोधक आहे. कारण हंसाच्या रक्तालाही मर्यादा असून त्या मर्यादेत राहण्यासाठी तो वेळ व मार्ग निवडतो, हे तिच्यावरून दिसते.

उष्णता व पाणी : उष्ण व शुष्क प्रदेशातील प्राण्यापुढे एक पेच असतो. शरीर थंड ठेवावयाचे तर घाम किंवा धापेच्या रूपाने पाणी खर्चावे लागते, आणि पाणी तर मिळत नाही. लहान प्राणी हा पेच बहुधा टाळतात. थरच्या वाळवंटातील जर्द उंदीर खोल बिळे करून राहतात. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातील कांगारू-उंदीर दिवसभर बिळात राहतो व रात्री बाहेर पडतो. त्याला पिण्यासाठी पाणी लागतच नाही. बियांतील स्टार्चाचे शरीरात ऑक्सिडीकरण होताना जे पाणी तयार होते (१०० ग्रॅ. कोरड्या सातूपासून सु. ५४ ग्रॅ.) त्यावर तो जगतो. हे शक्य होते ते खर्चातील काटकसरीमुळे. त्याचे मूत्र माणसाच्या अधिकात अधिक संहत मूत्राच्या सु. चौपट संहत असते आणि त्याच्या नाकातील अरुंद मार्ग बाहेर पडणारी हवा थंड करून तिच्यातील बाष्प परत मिळवितात.

उंटाला बीळ करता येत नाही. त्याने हा पेच कसा सोडविला आहे हे नट श्मिट-नील्सन (१९१५–२००७) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३-५४ मध्ये सहारातील बेनी अब्बेस (अल्जीरिया) येथे मुक्काम करून शोधून काढले. तत्पूर्वी उंट पोटात किंवा पाठीवरील मदारीत (कुबडात) पाणी साठवितो असे सर्वत्र मानले जाई. वस्तुतः मदारीत चरबी असते. चरबीच्या ऑक्सिडीकरणाने तिच्या वजनाहून किंचित अधिक पाणी तयार होते हे खरे. परंतु त्यासाठी लागणारा ऑक्सिजन घेताना कोरड्या हवेत फुप्फुसांतून त्याहून अधिक पाणी जाण्याचा संभव असतो. मदारीचा खरा उपयोग अन्नाचा साठा हा आहे. शिवाय चरबी एकाच जागी साठल्याने उरलेल्या अंगावर तिचा थर होत नाही व शरीरातील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येत नाही.

पाणी न मिळालेल्या उंटाचे तापमान पहाटे सु. ३४° से. इतके उतरते व दुपारी ४०° से. च्या वर जाते. माणसाच्या बाबतीत असे तापमान म्हणजे गंभीर आजार ठरेल. पाणी भरपूर मिळते तेव्हा याच उंटाचे तापमान दिवसभरात केवळ सु. २° से. ने बदलते. म्हणजे तापमान स्थिर राखण्याची क्षमता त्याला असते. पाण्याच्या टंचाईत तो ती बाजूला ठेवतो. यातून होणाऱ्या बचतीचा हिशेब करता येतो. ५०० किग्रॅ. वजनाच्या उंटाचे तापमान ६° से. ने वाढले, तर त्याच्या शरीरात सु. २,४०० किकॅ. उष्णता साठते. एक लिटर घामाच्या बाष्पीभवनाने सु. ५८० किकॅ. उष्णता जाते, तेव्हा ही साठविलेली उष्णता घामावाटे काढावयाची, तर चार लिटरांहून अधिक पाणी खर्चावे लागले असते. रात्रीच्या थंड हवेत ती फुकट निघून जाते. तापलेल्या शरीराचे व बाहेरच्या हवेचे तापमान यांत अंतर कमी राहिल्याने दिवसा बाहेरून येणारी उष्णताही घटते, हा आणखी एक लाभ. मेंदूला मात्र इतका ताप सोसत नाही. मेंदूकडे जाणारे रक्त वाटेत बारीक वाहिन्यांच्या एका जाळ्यातून जाते आणि तेथे नाकाकडून परतणाऱ्या थंड नीलारक्ताच्या सान्निध्यात ते निवते. उंटाच्या पाठीवरील दाट लोकरही उन्हाला अडविते. ती कातरल्यास पाण्याचा खर्च सु. निम्म्याने वाढतो, असे प्रयोगात आढळले आहे.

एवढे करूनही पाणी घटतेच. बहुतेक सस्तन प्राणी उष्ण हवेत वजनाच्या सु. १२ ते १५ टक्के पाणी घटले की मरतात. या मृत्यूचे कारण केवळ तहान नव्हे. रक्तद्रव कमी होऊन रक्त दाट होते, शरीरातील उष्णता कातडीपर्यंत नेण्याइतके अभिसरण हृदयाला राखता येत नाही आणि तापमान एकाएकी भडकते. उंट मात्र २५ टक्क्यांहून अधिक घट सोसतो; कारण त्याच्या शरीरातील पाणी मुख्यतः ऊतकांतून व अन्नमार्गातून जाते, रक्तद्रव तुलनेने फार थोडा घटतो. पाणी लाभताच मोठा उंट सु. दहा मिनिटांत १०० लिटरांपर्यंत पाणी पितो. इतर सस्तन प्राण्यांत अशा वेळी रक्त एकदम पातळ होऊन तांबड्या कोशिका फुटल्या असत्या. उंटाच्या लंबगोल कोशिका मूळ आकारमानाच्या दुपटीहून अधिक फुगूनही फुटत नाहीत. [⟶ उंट].

थंडी : थंड प्रदेशात दोन मार्ग उपलब्ध असतात : उष्णता राखणे किंवा ती सोडून देणे. पहिल्या मार्गाचे उदाहरण म्हणजे बर्फावर उभ्या राहणाऱ्या कुरव पक्ष्याचे किंवा रेनडिअराचे पाय. पायात उतरणारी रोहिणी व परतणाऱ्या नीला एकमेकींना चिकटून असतात. रोहिणीतील उष्णता नीलेतील रक्तात जाऊन शरीरात परत येते व पाऊल थंडच राहते. या व्यवस्थेला प्रतिप्रवाही विनिमय म्हणतात. पाय थंड ठेवून धड ऊबदार राखणे ही उघडच एक तडजोड आहे आणि तीसाठी पायातील मेद कमी तापमानासही मऊ राहील असा असावा लागतो. तूप थंडीत थिजते पण गोडेतेल थिजत नाही, तसाच हा फरक होय : मेदाम्लांतील असंतृप्त बंधांचे प्रमाण वाढले की मेद पातळ राहतो. थंड पाण्यातील माशांच्या कोशिकापटलांतही असाच बदल होतो व कार्पसारख्या माशांत तो ऋतूनुसार घडतो.

दुसरा मार्ग शीतनिष्क्रियतेचा. अलास्कातील उत्तरध्रुवीय भूखारीचे तापमान हिवाळ्यात −२·९° से. पर्यंत उतरल्याचे १९८९ मध्ये नोंदविले गेले. सस्तन प्राण्यात आढळलेले हे सर्वांत कमी तापमान होय. तिचे रक्त मात्र गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती काही तास जागी होते व अंग तापविते. हिवाळ्यासाठी साठविलेल्या मेदाचा मोठा हिस्सा या जागरणांतच खर्च होतो. झोपेतच राहणे किफायतशीर असताना ती का जागते, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. उत्तर अमेरिकेतील वनमंडूक याही पलीकडे जातो. त्याच्या शरीरातील ६५ टक्क्यांपर्यंत पाण्याचे बर्फ होते, हृदय थांबते आणि वसंतात बर्फ वितळल्यावर हृदय पुन्हा चालू लागते. बर्फ होऊ लागताच यकृत प्रचंड प्रमाणात ग्लुकोज रक्तात सोडते व त्यामुळे कोशिकांच्या आतील पाणी गोठण्यापासून वाचते. माणसाच्या रक्तात एवढी साखर झाल्यास तो जगणार नाही. [⟶ शीतनिष्क्रियता].

अंटार्क्टिक समुद्रातील मासे या संदर्भात सर्वांत उद्‌बोधक ठरतात. समुद्राचे पाणी सु. −१·९° से. ला गोठते, तर सामान्य अस्थिमत्स्याचे रक्त −०·८° से. च्या आसपास. म्हणजे या समुद्रात सामान्य मासा पाण्याच्याही आधी गोठावयास हवा. आर्थर डिव्ह्राइस यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, येथील माशांच्या रक्तात विशिष्ट शर्करायुक्त प्रथिने असतात. ती सूक्ष्म बर्फस्फटिकांना चिकटून त्यांची वाढ थांबवितात. यांपैकी बर्फमासे या कुलातील मत्स्यांच्या रक्तात हीमोग्लोबिन मुळीच नसते व ते पाण्यासारखे वर्णहीन दिसते, हे यूहान रूद यांनी १९५४ मध्ये प्रथम सिद्ध केले. अतिथंड पाण्यात ऑक्सिजन भरपूर विरघळतो, म्हणून हे मासे तगतात. पण त्यांचे रक्त इतर माशांच्या तुलनेने एक-दशांश इतकाच ऑक्सिजन वाहू शकते. ही तूट भरून काढण्यासाठी मोठे हृदय, रुंद रक्तवाहिन्या आणि रक्ताचे वाढीव प्रमाण लागते व ते सर्व चालविण्यात पुष्कळ ऊर्जा जाते. हीमोग्लोबिन गमावणे हे अनुकूलन मानावे, की थंड पाण्यात निभावून गेलेली हानी मानावी, याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या मताच्या बाजूने पुरावा अधिक सबळ दिसतो.

स्थिर थंडीतील या वास्तव्याची किंमत वेगळीच आहे. या माशांची एंझाइमे कमी तापमानाला कार्य करण्याइतकी लवचिक असतात, म्हणूनच थोड्या उष्णतेनेही त्यांची घडी मोडते. अंटार्क्टिक माशांच्या काही जातींना ५° ते ७° से. तापमान मारक ठरते, असे १९६७ मध्ये आढळले.  बहुतेक सर्व सजीवांत तापमान वाढताच बिघडलेली प्रथिने सावरणारी विशेष प्रथिने तयार होतात. यांपैकी एका जातीत ही प्रतिक्रियाच नाहीशी झाल्याचे २००० मध्ये निदर्शनास आले. कोट्यवधी वर्षे न लागलेली व्यवस्था निवडीने राखली नाही. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पश्चिमेस समुद्राच्या पृष्ठभागाचे उन्हाळी तापमान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात १° से. हून अधिक वाढले आहे. ज्या प्राण्यांचा संपूर्ण जीवनपट अवघ्या सात-आठ अंशांत मावतो, त्यांच्या दृष्टीने ही वाढ लहान नाही.

क्षारता व खोल पाणी : खाऱ्या पाण्यातील अस्थिमाशांच्या शरीरातील पाणी सतत बाहेर ओढले जाते, ते समुद्राचे पाणी पितात व जादा क्षार कल्ल्यांतील विशेष कोशिकांवाटे बाहेर टाकतात. गोड्या पाण्यात हा सर्व व्यवहार उलटा चालतो. हिलसा मासा समुद्रातून नदीत चढतो तेव्हा या कोशिकांचे कार्य त्याला बदलावे लागते. शार्क माशांनी रक्तात यूरिया साठवून समुद्राशी तोल साधला आहे. यूरिया प्रथिनांना अपायकारक असल्याने त्यावर उतारा म्हणून दुसरे एक संयुगही त्यांना बाळगावे लागते. कुरव, पाणकावळे इ. पक्षी डोळ्यांजवळील ग्रंथीतून समुद्रापेक्षाही खारट द्रव नाकावाटे टाकतात. माणसाच्या वृक्काला हे साधत नाही, आणि समुद्राचे पाणी पिणारा नौकाभग्न माणूस अधिकच कोरडा पडतो. कोकणच्या खाड्यांतील चिखलात उड्या मारणारा निवटा कल्ल्यांच्या जोडीला ओलसर कातडी व तोंडातील अस्तर यांच्याद्वारेही श्वसन करतो. पण कातडी वाळली की त्याला पुन्हा पाण्याकडे धाव घ्यावी लागते.

सील व देवमासे यांच्या बुडीविषयी पेर शोलांडर (१९०५–८०) यांचे १९४० मधील संशोधन मूलभूत आहे. बुडी मारताच या प्राण्यांचे हृदय अतिशय मंद चालते, कातडी व आतडी यांचा रक्तपुरवठा घटतो व तो मुख्यतः मेंदू आणि हृदय यांकडे वळतो. स्नायूंतील मायोग्लोबिन या तांबड्या प्रथिनाच्या विपुल साठ्यातून त्यांना ऑक्सिजन मिळतो. चोचदार देवमाशाच्या एका जातीची ३ तास ४२ मिनिटांची बुडी २०२० मध्ये नोंदविली गेली आहे.

पाळीव प्राणी व मानव : देशी गायींचा चयापचय मंद, कातडी सैल, केस आखूड व घर्मग्रंथी मोठ्या असतात, म्हणून गीर, खिलार, देवणी यांसारखे वाण उन्हाळा सोसतात. होल्स्टाइन-फ्रीजियन गाय मूळची थंड प्रदेशातील. भरपूर दूध निर्माण करताना तिच्या शरीरात भरपूर उष्णताही निर्माण होते, आणि उन्हाळ्यात ती खाणे कमी करते व दूध घटविते. कमी उष्णता निर्माण करणे व कमी दूध देणे या देशी गायीच्या दोन गुणधर्मांचा परस्परांशी संबंध आहे. महाराष्ट्रात १९६० नंतरच्या दशकांत संकरित गायींचा जो प्रसार झाला, त्यात दूध वाढले. पण त्यासोबत सावली, पाणी व वारा यांची सोय करण्याची जबाबदारी गाईच्या शरीराकडून गोठ्याकडे आली. म्हशीच्या कातडीचा रंग काळा व घर्मग्रंथी विरळ असल्याने तिला डुंबण्यास पाणी लागते, ही गोष्ट शेतकऱ्यास फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

घाम गाळण्यात मानवाची बरोबरी करणारे प्राणी थोडे आहेत. उष्णतेत रोज काम केल्यास दहा ते चौदा दिवसांत त्याचे शरीर रुळते : रक्तद्रव वाढतो, घाम लवकर व अधिक सुटतो आणि त्यातील मिठाचे प्रमाण कमी होते. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खोल खाणींत नव्या कामगारांना असा सराव देऊन मगच कामाला लावीत. सराव थांबला की काही आठवड्यांत हे बदल ओसरतात. मात्र घाम वाळला तरच अंग निवते, आणि दमट हवेत तो वाळत नाही. ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाचा निर्देशांक ३५° से. झाला की, सावलीत स्वस्थ बसलेल्या माणसालाही उष्णता बाहेर टाकता येत नाही, असे २०१० मध्ये गणिताने दाखविण्यात आले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत तरुण व निरोगी व्यक्तींमध्ये हलक्याशा हालचालीच्या वेळी ही मर्यादा दमट हवेत सु. ३१° से. इतकीच आढळली. वृद्धांमध्ये कातडीकडील रक्तप्रवाह व घामाचे प्रमाण कमी असल्याने त्यांच्या बाबतीत ती याहूनही खाली असते.